लग्न, फारकत आणि पीएफ-पेन्शन: कोणत्या टप्प्यावर कोणता कागद बदलायचा

पगारातून पीएफ कापला जातो, हे प्रत्येक नोकरदाराला माहीत असतं. त्या पैशाचा हक्कदार कोण, हा प्रश्न मात्र बहुतेक घरांत माणूस गेल्यावरच निघतो. सासू एकीकडे, सून एकीकडे, आणि पीएफच्या नोंदीत नोकरीच्या पहिल्या आठवड्यात घाईघाईने लिहिलेलं भावाचं नाव. लग्न झालं, नवरा-बायको वेगळे राहू लागले, घटस्फोट झाला, पुन्हा लग्न झालं, या प्रत्येक वळणावर काहीतरी बदलतं आणि त्याची नोंद आपल्यालाच करावी लागते. खासगी कंपनी, साखर कारखाना, पतसंस्था, खासगी शाळा किंवा रुग्णालय, जिथे जिथे ईपीएफ (कर्मचारी भविष्यनिर्वाह निधी, म्हणजेच आपला पीएफ) लागू आहे तिथल्या नव्या सभासदांसाठी हे टप्प्याटप्प्याने लिहिलं आहे.

आधी एक फरक पक्का डोक्यात बसवा, पुढचं सगळं त्यावर उभं आहे. पीएफमध्ये साठलेली रक्कम तुम्ही भरलेल्या नॉमिनेशनप्रमाणे, म्हणजे आपल्यामागे पैसा कोणाला द्यायचा या नोंदीप्रमाणे, दिली जाते. दरमहा मिळणारी पेन्शन मात्र कायद्याच्या नजरेत तुमची पत्नी किंवा पती कोण, यावर ठरते. ती नॉमिनेशनने दुसऱ्याकडे वळवता येत नाही. घरातले बहुतेक वाद या दोन गोष्टी एकच समजल्याने होतात.

पायरी १: आपल्याकडे नेमकं काय आहे ते पाहा

ईपीएफओच्या, म्हणजे पीएफ सांभाळणाऱ्या सरकारी संस्थेच्या, पोर्टलवरून पासबुक उघडा. त्यात तुमचा हिस्सा, मालकाचा हिस्सा आणि पेन्शनची वर्गणी असे तीन वेगळे रकाने दिसतील. तुमच्या मूळ पगार आणि महागाई भत्त्यातून १२ टक्के कापले जातात. मालकही तेवढेच भरतो, पण त्यातले ८.३३ टक्के, आणि तेही १५,००० रुपयांच्या मर्यादेवर म्हणजे जास्तीत जास्त १,२५० रुपये, १९९५ च्या कर्मचारी पेन्शन योजनेत म्हणजे ईपीएसमध्ये जातात. १ सप्टेंबर २०१४ नंतर पहिल्यांदा नोकरीला लागलेल्या आणि तेव्हाच १५,००० पेक्षा जास्त मूळ पगार असलेल्या सभासदांना ईपीएस नसते. पेन्शनचा रकाना रिकामा असेल, तर या लेखातला पेन्शनचा भाग तुम्हाला लागू नाही, पीएफचा लागू आहे.

तिसरी गोष्ट ईडीएलआय, म्हणजे पीएफसोबतचा आयुर्विमा. सभासद नोकरीत असताना वारला तर घरच्यांना जास्तीत जास्त ७ लाख रुपये मिळतात. त्यासाठी वेगळं नॉमिनेशन नसतं, पीएफचंच चालतं. त्यामुळे पीएफमधलं एक चुकीचं नाव दोन रकमा अडवून ठेवू शकतं.

पायरी २: लग्नाआधी कोणाचं नाव लिहायचं

पीएफच्या व्याख्येत कुटुंब म्हणजे पत्नी किंवा पती, मुलं (विवाहित असोत वा अविवाहित), तुमच्यावर अवलंबून असलेले आईवडील, आणि वारलेल्या मुलाची विधवा व मुलं. महिला सभासदाच्या बाबतीत तिच्यावर अवलंबून असलेले सासूसासरेही त्यात येतात. भाऊ-बहीण यात येत नाहीत. आई किंवा वडील तुमच्यावर अवलंबून असतील तर अविवाहित असूनही तुम्हाला कुटुंब आहे असं धरलं जातं, आणि मग भावाच्या नावे केलेलं नॉमिनेशन चालत नाही. घरासाठी राबणाऱ्या थोरल्या बहिणीचं नाव लिहावंसं वाटणं अगदी समजण्यासारखं आहे, पण तिच्यासाठी दुसरी सोय करा.

ईपीएसच्या व्याख्येत मात्र फक्त पती-पत्नी आणि मुलं. आईवडील नाहीत. म्हणून अविवाहित सभासदाने पेन्शनसाठी वेगळं नॉमिनेशन करायचं असतं आणि तिथे आईचं नाव लिहिता येतं. ते केलेलं नसेल, तर अवलंबून असलेल्या वडिलांना आणि त्यांच्यानंतर आईला पेन्शन मिळण्याची तरतूद आहे. तरीही नॉमिनेशन कराच.

पायरी ३: लग्न झालं की लगेच

पीएफ योजनेतलं कलम ६१ स्पष्ट सांगतं की लग्नानंतर नवं नॉमिनेशन करायला हवं, आणि लग्नाआधीचं नॉमिनेशन रद्द समजलं जाईल. आईचं नाव असेल तरी ते रद्द. आणि तुम्हाला आईला वगळायला नको असं मनापासून वाटत असेल तरीही रद्दच. आई तुमच्यावर अवलंबून असेल तर लग्नानंतर नव्याने नॉमिनेशन भरून तिला हिस्सा देता येतो, उदाहरणार्थ पत्नीला ६० टक्के आणि आईला ४० टक्के. हे दोघींनाही माहीत असू द्या. घरात आधी बोललेलं असलं की नंतर कोर्टाची पायरी चढावी लागत नाही.

नवं नॉमिनेशन केलंच नाही तर? रक्कम कुटुंबातल्या पात्र व्यक्तींमध्ये समान वाटली जाते. त्यात सज्ञान मुलगे आणि पती हयात असलेल्या विवाहित मुली सहसा धरल्या जात नाहीत. अशा वादांचा शेवट कसा होतो ते सर्वोच्च न्यायालयाच्या २००९ च्या एका निकालात दिसतं. लग्नाआधी आईच्या नावे केलेलं नॉमिनेशन मुलाने बदललं नव्हतं. त्याच्या मृत्यूनंतर भविष्यनिर्वाह निधीची रक्कम आई आणि विधवा पत्नी यांच्यात निम्मी-निम्मी वाटावी, असं न्यायालयाने ठरवलं. दोघींना हिस्सा मिळाला, पण सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन.

कामाचा क्रम असा ठेवा.

पहिलं, विवाह नोंदणी. महाराष्ट्रात १९९८ च्या कायद्यानुसार ग्रामपंचायत, नगरपालिका किंवा महापालिकेच्या निबंधकाकडे नोंद होते. लग्नपत्रिका आणि फोटो अल्बम हा पुरावा म्हणून फार काळ पुरत नाही. पेन्शनच्या वेळी विवाह नोंदणी प्रमाणपत्रच कामी येतं.

दुसरं, नाव. आपल्याकडे लग्नानंतर बाईचं आडनावच नाही, तर मधलं नावही बदलतं, वडिलांच्या जागी नवऱ्याचं येतं. कायद्याने नाव बदलण्याची सक्ती नाही आणि माझं स्पष्ट मत आहे की नोकरी करणाऱ्या मुलीने केवळ रीत म्हणून ते बदलू नये, कारण आधार, पॅन, बँक आणि यूएएन (पीएफचा सभासद क्रमांक) या चारही ठिकाणी एक अक्षर इकडेतिकडे झालं की क्लेम परत येतो. बदलायचंच असेल तर आधी आधार, मग पॅन, मग बँक, आणि सगळ्यात शेवटी यूएएन. अर्धवट बदल सगळ्यात वाईट.

तिसरं, पोर्टलवर वैवाहिक स्थिती आणि जोडीदाराचं नाव. जानेवारी २०२५ पासून आधारशी जोडलेल्या यूएएनमध्ये नाव, जन्मतारीख, वैवाहिक स्थिती यांसारखे बदल सभासदाला कागद न चढवता स्वतःच करता येतात. यूएएन १ ऑक्टोबर २०१७ च्या आधीचा असेल तर कंपनीची मंजुरी लागते.

चौथं, ई-नॉमिनेशन. मेंबर पोर्टलवर 'मॅनेज' या भागात ते सापडतं. तुमचा स्वतःचा फोटो प्रोफाइलमध्ये असल्याशिवाय पुढे जाता येत नाही, आणि आधारशी जोडलेला मोबाइल हाताशी हवा. 'कुटुंब आहे' हा पर्याय निवडा, प्रत्येकाची आधारप्रमाणे माहिती आणि फोटो भरा, मग कोणाला किती टक्के ते लिहा. बेरीज १०० यायला हवी. शेवटी आधार ओटीपीने ई-साइन करायची. बरेच जण माहिती सेव्ह करून थांबतात, आणि ई-साइन न केलेलं नॉमिनेशन ग्राह्य धरलं जात नाही. ई-साइन झाल्यावर कंपनीची मंजुरी लागत नाही. तयार झालेली पीडीएफ जोडीदाराच्या मोबाइलवरही पाठवून ठेवा.

मूल झाल्यावर पुन्हा एकदा. ई-नॉमिनेशन कितीही वेळा करता येतं, शेवटचं असेल ते चालतं.

ग्रॅच्युइटीचं नॉमिनेशन यात येत नाही, ते कंपनीकडे वेगळं द्यायचं असतं. एनपीएस (राष्ट्रीय पेन्शन योजना) असेल तर तिथेही लग्नाआधीचं नॉमिनेशन रद्द होतं, तेही नव्याने भरा.

लग्नाच्या खर्चासाठी पीएफमधून आगाऊ रक्कम मिळते. वर्षानुवर्षं चालत आलेला नियम सात वर्षांच्या सभासदत्वानंतर स्वतःच्या हिश्श्याच्या निम्म्यापर्यंतचा होता. ऑक्टोबर २०२५ मध्ये ईपीएफओच्या विश्वस्त मंडळाने ही अट १२ महिन्यांवर आणायचा आणि लग्नासाठी पाच वेळा रक्कम काढू द्यायचा निर्णय घेतला. क्लेम भरताना पोर्टल तुम्हाला किती रक्कम दाखवतं ते पाहा. मांडव-जेवणावळींसाठी म्हातारपणाचा पैसा काढू नये, असं मला ठामपणे वाटतं.

पायरी ४: लग्नानंतर नोकरी सोडताय? थोडं थांबा

हा भाग मुलींसाठी, आणि त्यांना सल्ला देणाऱ्या वडीलधाऱ्यांसाठीही. लग्नासाठी नोकरी सोडणाऱ्या महिला सभासदाला पीएफ काढण्यासाठी दोन महिने थांबण्याची अट लागू होऊ नये, अशी सवलत पीएफ योजनेत होती. सवलत चांगल्या हेतूची, पण तिच्यामुळे असंख्य मुलींनी सासरी जाताना पीएफही काढला आणि पेन्शनचे पैसेही. ईपीएसमध्ये मासिक पेन्शनसाठी किमान १० वर्षांची सेवा लागते. पुण्यात सहा वर्षं नोकरी केली, लग्न होऊन नाशिकला गेली, चार वर्षांनी पुन्हा नोकरी धरली. पहिल्या सहा वर्षांची पेन्शन काढून घेतली असेल तर मोजणी शून्यापासून.

नोकरी सोडल्यावर पेन्शनच्या पैशांसाठी भरायच्या फॉर्म १०सी मध्ये दोन पर्याय असतात: पैसे काढणं किंवा योजना प्रमाणपत्र, म्हणजे स्कीम सर्टिफिकेट. दुसरा पर्याय निवडा. त्यात तुमची सेवा जपून राहते आणि पुढच्या नोकरीत जोडता येते. पीएफची रक्कम तर न काढता नव्या नोकरीत त्याच यूएएनखाली ट्रान्सफर करता येते. आयुष्यात पुढे काय होईल सांगता येत नाही. वेगळं व्हायची वेळ आली तर बाईच्या हातात तिच्या नावाची ही सेवा फार मोलाची ठरते.

पायरी ५: वेगळे राहतोय, पण घटस्फोट झालेला नाही

गैरसमज सगळ्यात जास्त इथे आहेत, म्हणून जरा सविस्तर.

बायको माहेरी निघून गेली, पाच वर्षं तोंड पाहिलं नाही, तरी कायद्याने ती पत्नीच आहे. न्यायालयाने न्यायिक विभक्ततेचा हुकूम दिला असला तरी लग्न संपलेलं नसतं. सभासद या काळात वारला तर ईपीएसची विधवा पेन्शन तिलाच मिळते. नॉमिनेशनमध्ये नाव नसलं तरी, सासरच्यांनी हरकत घेतली तरी. हेच उलट बाजूनेही खरं आहे: वर्षानुवर्षं वेगळा राहणारा नवराही बायकोच्या मृत्यूनंतर विधुर पेन्शनचा हक्कदार असतो.

गावाकडे स्टॅम्प पेपरवर सोडचिठ्ठी लिहून, पंचांच्या सह्या घेऊन काडीमोड झाला असं मानतात. नोटरीचा शिक्का असला म्हणून तो घटस्फोट होत नाही. एखाद्या समाजात फारकतीची रूढी खरोखर चालत आली असेल तर कायदा ती मानतो, पण ती रूढी न्यायालयात सिद्ध करावी लागते. पीएफ कार्यालयासमोर असा कागद टिकेल या भरवशावर राहू नका. आणि त्या कागदाच्या जोरावर केलेलं दुसरं लग्न अडचणीत आलं, तर भोगावं लागतं ते दुसऱ्या बायकोला. पेन्शनसाठी ती कायदेशीर विधवा ठरत नाही.

पीएफच्या रकमेबाबत मात्र तुमच्या हातात काही गोष्टी आहेत. कुटुंबातल्या प्रत्येकाचं नाव नॉमिनेशनमध्ये असायलाच हवं असा नियम नाही. वेगळे राहत असाल तर संपूर्ण १०० टक्के मुलाच्या किंवा मुलीच्या नावे करता येतात. मूल अज्ञान असेल तर पालक नेमावा लागतो, आणि तो कुटुंबातलाच सज्ञान माणूस हवा. तुमच्यावर अवलंबून असलेली तुमची आई पालक होऊ शकते. ही नेमणूक विसरू नका, नाहीतर मुलाच्या नावचा पैसा ज्याच्यापासून वाचवायचा होता त्याच्याच हाती जाण्याची शक्यता राहते.

महिला सभासदाला आणखी एक हक्क आहे, जो फार कमी जणींना माहीत आहे. ती पीएफ आयुक्तांना लेखी नोटीस देऊन पतीला आपल्या कुटुंबातून वगळू शकते. कारण सिद्ध करायची गरज नाही. मग तो पती आणि त्याच्यावर अवलंबून असलेले त्याचे आईवडील पीएफपुरते कुटुंबात धरले जात नाहीत, आणि मन बदललं तर तीच लेखी रद्द करू शकते. पुरुषाला एवढं सोपं नाही: पत्नीला पोटगीचा हक्क कायद्याने उरलेला नाही, हे त्याला सिद्ध करावं लागतं. दारूडा, मारहाण करणारा नवरा टाकून स्वतःच्या पायावर उभ्या असलेल्या बाईने हे पत्र द्यावंच. पोच घ्या आणि जपून ठेवा.

पण ही नोटीस पीएफपुरतीच. ईपीएसच्या व्याख्येत अशी सोय नाही. केंद्र सरकारच्या महिला कर्मचाऱ्यांना जानेवारी २०२४ पासून, घटस्फोटाचा किंवा कौटुंबिक हिंसाचाराचा खटला चालू असेल तर, कुटुंब पेन्शनसाठी पतीच्या आधी मुलांचं नाव सुचवता येतं. कारखान्यात, खासगी रुग्णालयात काम करणाऱ्या बाईला तीच सोय नसावी, हा मला अन्याय वाटतो. तिला पेन्शनचा प्रश्न मिटवायचा तर घटस्फोटाचा हुकूमच घ्यावा लागतो.

पायरी ६: पोटगी, घटस्फोट आणि पीएफचा वाटा

काही देशांत घटस्फोटाच्या वेळी न्यायालय पेन्शनचे दोन भाग करून देतं. आपल्याकडे तसा कायदा नाही. उलट १९५२ च्या पीएफ कायद्याच्या कलम १० प्रमाणे निधीत असलेली रक्कम कोणत्याही न्यायालयाच्या हुकुमाने जप्त करता येत नाही. त्यामुळे 'माझ्या नवऱ्याच्या पीएफमधला अर्धा भाग थेट माझ्या खात्यात टाका' असा अर्ज पीएफ कार्यालयाला करून उपयोग होत नाही.

याचा अर्थ तो पैसा हिशेबाबाहेर राहतो असा नाही. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २५ खाली कायमची पोटगी ठरवताना दोघांचं उत्पन्न आणि मालमत्ता पाहिली जाते. सर्वोच्च न्यायालयाने ४ नोव्हेंबर २०२० रोजी रजनेश विरुद्ध नेहा या निकालात पोटगीच्या प्रकरणांत दोन्ही बाजूंना उत्पन्न, मालमत्ता आणि देणी यांचं प्रतिज्ञापत्र देणं सक्तीचं केलं. त्यात पीएफची शिल्लक आली पाहिजे, हे वकिलांना आवर्जून सांगा आणि समोरच्याचं पासबुक मागा. स्वतःचंही द्या. बायको नोकरी करत असेल तर तिचा पीएफ तिचा आहे, पण लपवायचा नाही.

पगाराची पावती बारकाईने वाचा. पोटगीचा दावा लागला की काही जण ऐच्छिक पीएफ एकदम वाढवतात, म्हणजे हातात येणारा पगार कमी दिसावा. सक्तीची कपात आणि मनाने वाढवलेली कपात यांतला फरक न्यायालयाच्या लक्षात आणून देता येतो.

परस्परसंमतीने घटस्फोट घेत असाल तर संमतीच्या अटींमध्ये पीएफ, ग्रॅच्युइटी आणि विमा यांचा नाव घेऊन उल्लेख करा: एकमेकांच्या रकमेवर हक्क राहणार नाही, किंवा तिच्या बदल्यात अमुक रक्कम एकरकमी दिली. 'सर्व हक्क सोडले' एवढं मोघम वाक्य पुढे भांडणाला जागा ठेवतं.

पायरी ७: हुकूम हातात आल्यावर

हुकमाची प्रमाणित प्रत घ्या, दोन-तीन घ्या. न्यायालयाचा निकाल पीएफच्या नोंदीत आपोआप जात नाही. वैवाहिक स्थिती बदला, नवं ई-नॉमिनेशन करा, कंपनीत ग्रॅच्युइटी आणि समूह विम्याची नावं बदला. घटस्फोटानंतर आधीची पत्नी किंवा पती पेन्शनला पात्र राहत नाही, मुलांचा हक्क मात्र तसाच राहतो. मुलं आईकडे राहत असली तरी वडिलांच्या ईपीएसमधला त्यांचा वाटा जात नाही. म्हणून मुलांची नावं आणि जन्मदाखले नोंदीत नीट आहेत ना, हे रागाच्या भरात विसरू नका.

पायरी ८: जोडीदार गेल्यानंतर, आणि पुन्हा लग्न करताना

सभासद नोकरीत असताना वारला तर एक महिन्याची वर्गणी भरलेली असली तरी घरच्यांना पेन्शन मिळते. इथे १० वर्षांची अट नाही. पेन्शन सुरू झाल्यावर वारला तर जोडीदाराला त्याच्या निम्मी मिळते. पेन्शनची मोजणी सोपी आहे: पेन्शनयोग्य पगार गुणिले सेवेची वर्षं, भागिले ७०. १५,००० पगार आणि १४ वर्षं सेवा असेल तर ३,००० रुपये, जोडीदाराला १,५००. विधवा पेन्शन किमान १,००० रुपये आहे. यात घर चालत नाही हे खरंच, पण हक्काचा पैसा सोडू नये.

मुलांना २५ वर्षं वयापर्यंत विधवा पेन्शनच्या २५ टक्के मिळतात, एका वेळी दोघांना. अपंग मुलाला आयुष्यभर.

विधवेने किंवा विधुराने पुन्हा लग्न केलं की त्यांची पेन्शन थांबते. पण पैसा पूर्ण बंद होत नाही: मुलांचा हिस्सा अनाथ पेन्शनच्या दराने, म्हणजे विधवा पेन्शनच्या ७५ टक्के, सुरू होतो. समजा विधवा पेन्शन ३,००० आहे आणि दोन मुलं आहेत. आधी ३,००० अधिक ७५० अधिक ७५०, एकूण ४,५००. पुनर्विवाहानंतर प्रत्येक मुलाला २,२५०, एकूण पुन्हा ४,५००. एकच मूल असेल तर मात्र ३,७५० वरून २,२५० वर येतं. पेन्शन जाईल या भीतीने तरुण विधवांचं लग्न घरचे लांबवतात, त्यांनी हा हिशेब एकदा मांडून पाहावा.

विधवा पेन्शनरला दरवर्षी हयातीच्या दाखल्यासोबत पुनर्विवाह केलेला नाही असंही सांगावं लागतं. डिजिटल दाखला वर्षात कधीही देता येतो आणि दिल्या तारखेपासून वर्षभर चालतो.

क्लेमसाठी पीएफचा फॉर्म २०, पेन्शनचा १०डी आणि विम्याचा ५आयएफ लागतो. मृत्यूचा दाखला, विवाह प्रमाणपत्र, मुलांचे जन्मदाखले, सगळ्यांची आधार कार्डं आणि दावेदाराचं बँक पासबुक सोबत ठेवा.

अडलं तर १४४७० हा ईपीएफओचा मोफत क्रमांक आहे, आणि ईपीएफआयजीएमएस या त्यांच्या तक्रार पोर्टलवर लेखी तक्रार करता येते. तोंडी चौकशीपेक्षा लेखी तक्रार बरी, तिला क्रमांक मिळतो. दर महिन्याच्या २७ तारखेला जिल्ह्याजिल्ह्यात 'निधी आपके निकट' शिबिर भरतं. पीएफ कार्यालय दूर असलेल्यांनी तिथे मूळ कागद आणि झेरॉक्स दोन्ही घेऊन जावं.